टकळीनंतर बॅट

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी टकळीसारख्या हस्तोद्योगातून सगळे विषय शिकवायला सांगितले. टकळी माळ्यावर गेली. आता बॅटची पाळी: सगळे विषय क्रिकेटमधून शिकवायची योजना. धावगतीतून गणित, स्विंगमधून विज्ञान, दौऱ्यांतून भूगोल! वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावच्या पोरांना भूगोल सोपाच: गावावरून जाणाऱ्या नागपूर–हैदराबाद महामार्गावरच जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम आहे. अडचण इतिहासाची. मुंबईतल्या धर्मवार संघांच्या पंचरंगी सामन्यांना १९४० मध्ये विरोध केला, तोही गांधीजींनीच. हा धडा बहुधा ‘परीक्षेसाठी नाही’ ठरेल. बाकी योजना उत्तम. पोरांचं क्रिकेटवेड घालवायचं असेल, तर त्यावर वीस गुणांची घटक चाचणी घ्या. दुसऱ्या औषधाची गरज नाही.