होतकरू गोल्फगुरूंसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका फक्त व्यावसायिक गोल्फपटूंसाठी आहे. म्हणजे ज्यांचा ड्राइव्ह बरा जातो, चिपही बरी बसते, पण रविवारी संध्याकाळी चषक मात्र दरवेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असतो, अशांसाठी. हौशी मंडळींनी इथूनच परत फिरावं. ते एरवीही कुणी न विचारता सगळ्यांना शिकवतच असतात, त्यांना मार्गदर्शिका कशाला?

साहित्य फार लागत नाही. एक टोपी, बऱ्यापैकी सावलीचं झाड, एक वही आणि डोळ्यांसमोर एक आदर्श. आदर्श म्हणून आम्ही टेक्सासमधल्या ऑस्टिनचे हार्वी पेनिक सुचवतो. जन्म 1904 चा. आठव्या वर्षी ऑस्टिन कंट्री क्लबात कॅडी, म्हणजे साहेबलोकांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्या मागे चालणारा पोरगा. 1923 साली त्याच क्लबचे मुख्य प्रो आणि थेट 1971 पर्यंत तिथेच. मधल्या काळात टेक्सास विद्यापीठाच्या गोल्फ संघालाही त्यांनी तीसेक वर्षं शिकवलं, पण तेही ऑस्टिनमध्येच. दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलल्याशिवाय ज्यांना करमत नाही, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

सुरुवात कशी करायची? तर हार मानून. पण ती वेळेवर मानता आली पाहिजे, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. पेनिक खेळाडू म्हणून चांगलेच होते. ह्यूस्टन ओपनला सॅम स्नीड नावाचा एक तरुण टीवरून फटका मारत होता. पेनिकच्या कानावर आधी आला तो आवाज, बंदुकीतून गोळी सुटावी तसा. असा आवाज आपल्या काठीतून या जन्मी निघणार नाही, हे त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं आणि आपलं पोट शिकवण्यावर भरेल असं ठरवलं. स्नीड पुढे पीजीए टूरवर 82 स्पर्धा जिंकले, तेव्हा गुरुजींचं पहिलंच निदान अचूक ठरलं म्हणायचं. तुम्हीही कान तयार ठेवा. असा आवाज ऐकल्यावर सामान्य माणूस दुकानात जाऊन नवा ड्रायव्हर विकत घेतो, गुरू शिकवणीची पाटी लावतो.

एखादी स्पर्धा चुकून जिंकलातच, तर घाबरू नका. आज गुरू म्हणून ओळखले जाणारे बुच हार्मन यांनी 1971 मध्ये ब्रूम काउंटी ओपन जिंकली होती. त्यांचे वडील क्लॉड तर 1948 चे मास्टर्स विजेते. एवढा डाग असूनही बुच पुढे नावारूपाला आले. टायगर वुड्सच्या 15 मेजर विजेतेपदांपैकी पहिली 8 त्यांच्या शिकवणीच्या काळातली आहेत. बुच यांची स्वतःची स्पर्धा आज कुणाला आठवत नाही, म्हणजे एका विजयानं करिअर कायमचं बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष शिकवणं. नवा गुरू शिष्याच्या हातात पहिल्याच दिवशी ड्रायव्हर देतो आणि मग तासभर झुडपांत चेंडू शोधत बसतो. पेनिक उलटीकडून सुरुवात करत: आधी भोकाजवळ पटिंग, मग ग्रीनच्या कडेवरून चिप, आणि असं मागे मागे सरकत शेवटी टी. चेंडूचीच धास्ती असेल, तर तो उचलून घ्यायचा आणि नुसती गवतातली लाकडी टी उडवायला सांगायची. कुणी हात जोडून मागितलं, तरी एका वेळी एकापेक्षा जास्त औषध द्यायचं नाही. आणि शिकवताना ‘नको’, ‘करू नकोस’ असले शब्द टाळायचे, कारण ‘पाण्यात मारू नकोस’ म्हटलं की शिष्याला फक्त पाणी दिसतं. (या मार्गदर्शिकेत आत्तापर्यंत किती वेळा ‘नका’ आणि ‘नाही’ आलंय, ते मोजू नये.)

पेनिकच्या शिष्यांपैकी बेन क्रेनशॉ हा ऑस्टिनचाच. अगदी लहान असताना तो शिकायला आला, तेव्हा पेनिकनी सात नंबरची एक आयर्न कापून त्याच्या मापाची केली, त्याचे हात दांड्यावर नीट बसवले आणि समोरच्या ग्रीनवर चेंडू टाकायला सांगितलं. पोरानं टाकला. चल, आता तो भोकात घालू, असं गुरुजी म्हणाल्यावर पोरानं विचारलं, की भोकातच हवा होता तर मघाशीच का नाही सांगितलंत? असा शिष्य दारात आला, तर गुरूनं काय करावं? दांडा पकडलेले हात दुरुस्त करावेत आणि बाजूला व्हावं. अवघड काम दुसरंच आहे, ते म्हणजे बाजूलाच राहणं.

त्याच सुमारास टॉम काइट हा दुसरा मुलगा आला. हा घाम गाळणारा, रेंजवरून हाकलावा लागे असा. दोघांनी एकमेकांचे तास बघू नयेत, याबद्दल पेनिक कडक होते. एकाचं औषध दुसऱ्यानं घेतलं तर? 1972 मध्ये दोघांनी अमेरिकेचं विद्यापीठ पातळीवरचं विजेतेपद बरोबरीत वाटून घेतलं. 1992 ला काइटनं यूएस ओपन जिंकली. या दोघांचंच नाव सगळीकडे घेतलं जातं, पण बेट्सी रॉल्स आणि कॅथी व्हिटवर्थ या महिला खेळाडूंनाही पेनिकनीच शिकवलं. व्हिटवर्थ यांची एलपीजीए विजेतेपदं 88 आहेत, स्नीडपेक्षा सहा जास्त. गुरुजींच्या कीर्तीत त्यांचा हिशेब कमी धरला जातो, हे आमच्या मते चूकच.

ज्यांना झाडाखाली बसून राहायला सवड नाही, त्यांच्यासाठी आधुनिक पद्धतही उपलब्ध आहे. तिचे गुरू डेव्हिड लेडबेटर, टूरवर खेळून पाहिलेले गृहस्थ. निक फाल्डो 1983 मध्ये युरोपात कमाईच्या यादीत पहिला होता, तरी आपला स्विंग दडपणाखाली टिकत नाही म्हणून त्यांच्याकडे गेला. लेडबेटरनी सगळा स्विंग पाडून पायापासून बांधला. दोनेक वर्षं जग हसलं. मग 1987 ला म्यूरफिल्डवर फाल्डोनं शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा भोकं पारमध्ये खेळून ब्रिटिश ओपन जिंकली. या पद्धतीत पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही आहेत. मात्र शिष्य गुरू बदलतो, तेव्हा तेही वर्तमानपत्रात छापून येतं.

वहीचं विसरायला नको. पेनिक लाल वहीत शिष्यांबद्दल टिपणं करत आणि ती कुलपात ठेवत. मुलाशिवाय कुणाला दाखवली नाही. साठेक वर्षांनी लेखक बड श्रेक यांच्या मदतीनं 1992 मध्ये तिचं पुस्तक निघालं. प्रकाशक 90 हजार डॉलर द्यायला तयार आहे असा निरोप आला, तेव्हा एवढी रक्कम आपणच भरायची आहे असं समजून, दवाखान्याची बिलं डोक्यावर असताना ती आणायची कुठून, या काळजीत गुरुजी पडले, अशी कथा सांगतात. पुढे ते खेळावरच्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत जाऊन बसलं. तेव्हा पुस्तक लिहायची घाई झालेल्यांनी आधी साठ वर्षं गप्प बसण्याचा सराव करावा.

आता श्रेयाचा विषय. मार्च 1995 मध्ये अंथरुणाला खिळलेल्या पेनिकनी क्रेनशॉला पटर आणायला लावलं आणि खोलीतल्या गालिच्यावर त्याचा पट तपासला. 2 एप्रिलला ते गेले. बुधवारी क्रेनशॉ आणि काइट मास्टर्सची तयारी सोडून ऑगस्टाहून विमानानं ऑस्टिनला आले, खांदा दिला आणि परतले. रविवारी, 9 एप्रिलला, 43 वर्षांच्या क्रेनशॉनं मास्टर्स जिंकली. एका फटक्यानं मागे, दुसरा आला तो ‘डेव्हिस लव्ह तिसरा’ या नावाचा खेळाडू. त्याचे वडील विद्यापीठात पेनिककडे शिकलेले आणि पुढे स्वतःही नामवंत शिक्षक झालेले. या विजयाचं श्रेय गुरुजींना द्यायचा मोह होतो, पण खरं तर त्या आठवड्यात क्रेनशॉचा स्विंग जागेवर आणला तो त्याचा कॅडी कार्ल जॅक्सन यानं: चेंडू स्टान्समध्ये थोडा मागे घे आणि खांदे आवळून वळव, एवढंच सांगून. स्वतः कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या पेनिकना यात वावगं वाटलं नसतं. तुम्हाला वाटत असेल, तर शिकवणीची पाटी इतक्यात रंगवू नका.

सन्मानाबद्दल शेवटची सूचना: वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये पेनिक यांचा समावेश 2002 साली झाला, त्यांना जाऊन सात वर्षं झाल्यावर. तेवढं थांबायची तयारी नसेल, तर हौशी मंडळींबरोबर तुम्हीही आत्ताच परत फिरलेलं बरं.