पाच हजार वाचवले, बूट आले

डोंबिवलीकर खर्च करत नाही, बचत करतो. ‘अडीच हजारांचे बूट घेतले’ असं कबूल करणारा माणूस फडके रोडवर शोधून सापडायचा नाही. ‘साडेसात हजारांचे होते, पाच हजार वाचवले’ म्हणणारे मात्र पावलोपावली भेटतात. हे वाचलेले पाच हजार कुठल्या खात्यात जमा झाले, हे घरच्यांनी विचारायचं नसतं.

एमआरपीपेक्षा जास्त भावानं विकता येत नाही, एवढंच कायदा म्हणतो. कमीला कितीही विका. आणि तो आकडा छापणार माल बनवणारा किंवा आणणारा. त्यामुळे आधी साडेसात हजार छापायचे आणि मग त्यावर काट मारायची, यात बेकायदा काही नाही. पूर्वी झोकदार नावाचे स्वस्त बूट हवे असले की लोक उल्हासनगर गाठत. तिथं निदान विकणारा आणि घेणारा दोघंही मनातल्या मनात हसत असत.

आमच्या इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका या विद्येतले अधिकारी पुरुष. रविवारी संध्याकाळी ते दुकानात जातात. (संध्याकाळीच, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि माप तेव्हाच घ्यावं. हे काकांचं खरं आहे.) पोऱ्याला शिडीवर चढवून आठ नंबर काढायला लावतात, मग नऊ, मग पुन्हा आठ, पण काळा. अंगठ्यानं टोक दाबतात, आरशापुढे चालतात, खोक्यावरच्या आर्टिकल नंबरचा फोटो घेतात आणि म्हणतात, ‘बघून येतो.’ पोऱ्या हा ‘बघून येतो’ ओळखून असतो. तो निमूटपणे शिडी चढतो.

घरी आल्यावर खरी खरेदी. मेव्हण्याचं क्रेडिट कार्ड, कारण दहा टक्के त्याच बँकेवर. कूपन तीन हजारांच्या पुढे लागतं, म्हणून तीन जोड मोजे आणि एक पॉलिशची डबी. वर प्लॅटफॉर्म फी. शेजारी लाल अक्षरांत ‘फक्त २ शिल्लक’. खोटी घाई करणं, गिऱ्हाइकाच्या टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं अशा तेरा क्लृप्त्यांवर केंद्रानं नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदी घातली. पण काकांच्या टोपलीत गुपचूप कोण काय सरकवणार? मोजे त्यांनी स्वतःच टाकले.

गंमत म्हणजे खरी सूट काकांना दिसलीच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर जीएसटी पाच टक्के झाला. त्याआधी हजाराच्या आत बारा आणि हजाराच्या वर अठरा होता. अठराचे पाच झाले म्हणजे भाव शेकडा अकराच्या आसपास उतरायला हवा. पण त्या सवलतीसोबत उलटं पळणारं घड्याळ नव्हतं, त्यामुळे ती कुणाला सवलत वाटली नाही.

पार्सल निघतं भिवंडीच्या गोदामातून. माणकोली-मोठागाव पूल झाल्यापासून ही गोदामं डोंबिवली पश्चिमेच्या हाकेच्या अंतरावर आली आहेत. तरी काका दर तासाला ‘ट्रॅक’ करतात, जणू बूट सातासमुद्रापलीकडून येताहेत. येतात तेव्हा घट्ट. पानावर माप अमेरिकन होतं आणि काकांचा आठ नंबर ब्रिटिश. पुरुषांच्या बुटात या दोहोंत साधारण एका नंबराचा फरक पडतो. परत करायचे तर तळव्याला डाग नको, म्हणून काका नवे बूट घालून गादीवर येरझारा घालतात. काकूंनी त्या दिवशी चादर बदलली आणि काकांशी बोलणं टाकलं.

बदलून आलेले बूट पांढरे होते. सकाळच्या कल्याण-सीएसएमटी फास्टमध्ये ठाणं येईपर्यंत ते कुठल्या रंगाचे झाले, हे त्या गाडीनं जाणाऱ्यांना सांगायला नको.

वाचकहो, दुकानात बूट घालून पाहिलात आणि ते पायाला बसले, तर मोबाइलमधला भाव दुकानदारापुढे धरा आणि सरळ विचारा, ‘या भावात देता का?’ नाही म्हणाला तर मोबाइल आहेच. पण निदान त्या पोऱ्याला तिसऱ्यांदा शिडी चढवण्याआधी विचारा.