तार आणि अंगठा

"तार आली" एवढं ऐकूनच पूर्वी घरात रडारड सुरू व्हायची. वाचायचं ते नंतर, आणि तेही इंग्रजी वाचणारा कुणी सापडला तर. कधी आत 'मुलगा झाला' असायचं, पण तोवर आजीचा गळा बसलेला. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसं मोजून बोलत. शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना तर चक्क नंबर होते. 2013च्या जुलैत तारसेवा बंद झाली.

आता शब्द फुकट, तरी कुणी वापरत नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तात्या गेल्याची बातमी येते. खाली 27 जोडलेले हात, मध्येच गुलाबासकट 'शुभ सकाळ', आणि साताऱ्याच्या काकूंचा उभा अंगठा.

आत्याने फोन करून झापलं, "अगं, अंगठा काय?"

"वन्सं, वाचलं एवढंच कळवलं हो."