एलएलबीवाले भाऊ

हे भाऊ नागपूरच्या प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी सापडतात. वय ५२, शिक्षण बी.कॉम., नोकरी हिंगण्याच्या एमआयडीसीत हिशेबाची. पोरगा इंजिनिअरिंगला लागला की यांना अचानक वकील व्हायची हुक्की येते. सकाळी कॉलेज, दुपारून कंपनी. वर्गात पोरं त्यांना ‘काका’ म्हणतात, आणि नवे प्राध्यापक चुकून ‘सर’.

वयाचं काढाल तर खबरदार! बार कौन्सिलनं २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या एलएलबीला ३० वर्षांची अट घातली होती आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली, हे भाऊंना पाठ आहे. दुसरा साक्षीदार काटोलचे श्रीकांत जिचकार. १९७३ ते १९९० या काळात ४२ परीक्षा आणि २० पदव्या, ही त्यांची कीर्ती नागपुरात कोणत्याही टपरीवर तर्री-पोह्यांसोबत ऐकायला मिळते.

“अवो, १९९० साली जिचकार ३६ वर्षांचे होते,” वहिनी म्हणतात. “ते आटोपले त्या वयानंतर १६ वर्षांनी तुम्ही सुरू करून राहिले!”

खरी उलटतपासणी पैशांची.

भाऊ आधी शिष्यवृत्तीकडे वळले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा केंद्राचा नियम असा, की एका टप्प्यावरची पदवी झाल्यावर त्याच टप्प्यावर दुसरा विषय घेतला तर पैसे नाहीत. बी.ए.नंतर बी.कॉम. करणाऱ्याचं उदाहरण नियमातच दिलेलं. मग भविष्यनिर्वाह निधी. त्याच्या जुन्या ‘६८-के’ कलमात सात वर्षांच्या सभासदाला स्वतःच्या हिश्श्यातली निम्मी रक्कम काढता येई. मुलामुलींच्या कॉलेजसाठी, भावाबहिणीच्या लग्नासाठी, इतकंच काय, स्वतःच्या लग्नासाठीही. स्वतःच्या शिक्षणाचा मात्र त्यात उल्लेख नाही.

“म्हणजे या वयात बोहल्यावर चढलो तर चालते, वर्गात बसलो तर नाही!” भाऊ हे अख्ख्या कंपनीला सांगत सुटले. घरी सांगितलं नाही.

राहिलं शैक्षणिक कर्ज. बँकांच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाची सवड आणि पुढं फेडीला १५ वर्षांपर्यंत मुदत. भाऊंनी बोटं मोजली: ५५ व्या वर्षी पदवी, ५६ व्या वर्षी पहिला हप्ता, ७१ व्या वर्षी शेवटचा. शिवाय सहकर्जदार हवा. विद्यार्थी विवाहित असेल तर तो जोडीदार, आईवडील किंवा सासूसासरे यांच्यापैकी चालतो. वर्धेचे सासरे ८१ वर्षांचे. जावयाच्या फीसाठी सही मागायला कोण जाणार, यावर घरात दोन दिवस अबोला होता.

शेवटी वहिनींनी भिशी उचलली आणि फी भरली. पावती मात्र स्वतःच्या कपाटात ठेवली.

परवा भाऊ कौतुकानं प्राप्तिकराचं ‘८०-ई’ कलम वाचून दाखवत होते: जुन्या करप्रणालीत उच्चशिक्षणाच्या कर्जावरचं व्याज आठ वर्षांपर्यंत वजा होतं, मग शिकणारे आपण असू, मुलं असोत की जोडीदार.

“जोडीदारही?” वहिनींनी कणीक मळता मळता विचारलं.

“कायद्यात स्पष्ट लिहून आहे.”

हात धुऊन त्यांनी आपल्या एम.ए.च्या प्रवेशाचा अर्ज आणि बँकेचा फॉर्म टेबलावर ठेवला. सहकर्जदाराच्या रकान्यात भाऊंचं नाव आधीच लिहिलेलं होतं.