सव्वा रुपयाचं काय करायचं?

३० जून २०११ रोजी सरकारने चार आणे चलनातून काढून घेतले. सोबत एक, दोन, तीन, पाच, दहा आणि वीस पैसेही गेले, पण ती मंडळी बाजारातून केव्हाच उठून गेली होती. सरकारने मृत्यूचा दाखला तेवढा दिला. चार आण्यांचं तसं नव्हतं. गेंड्याचं चित्र असलेलं ते स्टीलचं नाणं शेवटी शेवटी कंडक्टरही घेत नसे हे खरं, पण मराठी घरात त्याला हुद्दा होता. ते रुपयाच्या शेजारी ठेवलं की सव्वा रुपया व्हायचा, आणि सव्वा रुपयाशिवाय आमचे देव काही ऐकून घेत नसत.

तेव्हापासून या देशात सव्वा रुपया रोखीने देता येत नाही. दीड देता येतो, तोही घेणारा भेटला तर. दिल्लीत हा निर्णय झाला तेव्हा त्या खोलीत एकही नवस बोललेला मराठी माणूस नसावा, अशी माझी खात्री आहे.

माझ्या आत्याने भाचीच्या दहावीच्या वेळी गणपतीला सव्वा रुपया बोलला होता. फेडायला जाईपर्यंत चार आणे गेलेले. आत्या डगमगली नाही. दोनाचं नाणं दानपेटीत टाकलं, हात जोडले आणि अख्ख्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बारा आणे पुढच्याला जमा धर रे बाबा. धाकटा बारावीला आहे." देवाला असं ॲडव्हान्स देऊन ठेवणारी माझ्या पाहण्यातली ती एकटीच. धाकटा पासही झाला.

गंमत अशी की खिशातून हद्दपार झालेला पैसा फोनमध्ये ठणठणीत आहे. २०१६ साली यूपीआय आलं आणि सव्वा रुपया, सव्वाच्या सव्वा, एका टिचकीत इकडून तिकडे जाऊ लागला. रोखीच्या खिडकीवर पैशांचं राउंड ऑफ होतं, फोनवर सदतीस पैसेसुद्धा सन्मानाने घेतात. पेट्रोलच्या दरात पैसे आहेत, व्याजात आहेत, नाहीत ते फक्त माणसांच्या हातात. आता देवळाच्या दानपेटीवरही क्यूआर कोड आला आहे, पण आत्याला तो पटत नाही. तिचं म्हणणं, नवस फेडल्याचा आवाज पेटीतून यायला हवा, मोबाइलमधून नव्हे.

खरी परीक्षा झाली ती आमच्याकडच्या सत्यनारायणाला. गुरुजींची यादी रीतसर व्हॉट्सॲपवर आली: विड्याची पानं, सुपाऱ्या, खारका, बदाम, हळकुंडं, अत्तर, मध, जानवं, आणि सर्वांत खाली, 'सुटे रुपये २१, नाणीच'. वरचं सगळं पूजासाहित्याच्या एकाच दुकानात मिळालं. मधाची अंगठ्याएवढी बाटलीसुद्धा मिळाली. रुपये मिळेनात. वाण्याने काउंटरवरच्या क्यूआर कोडकडे बोट दाखवलं. रिक्षावाल्याने खिसा उलटा करून दाखवला. शेजारच्या काकूंकडे मातीचा गल्ला होता, पण "तो नातीचा आहे, फोडायचा नाही" असं त्यांनी मी तोंड उघडण्याच्या आतच सांगितलं. नळावरच्या पाण्यासाठी अर्धा वाडा जागा राहायचा तो काळ मी पाहिला आहे. रुपयासाठी सोसायटीभर वाटी घेऊन फिरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

गुरुजी आले. मी घडला प्रकार सांगितला. "यजमान, चिंता करू नका," म्हणत त्यांनी पिशवीतून कापडी बटवा काढला आणि पाटावर एकवीस रुपये मोजले. हळदीकुंकवाने ते इतके माखले होते, की अशोकस्तंभाच्या सिंहांनी मळवट भरल्यासारखं दिसत होतं. "यातले काही सकाळी कोथरूडला वास्तुशांतीला होते," गुरुजी म्हणाले. "संध्याकाळी वारज्याला साखरपुडा आहे. पूजा झाली की हे माझ्याकडे परत. तुम्ही दक्षिणेत एकवीस वर धरा."

व्यवस्था चोख होती. पानावर सुपारी, सुपारीजवळ रुपया, मंत्र, अक्षता, आणि उत्तरपूजेनंतर रुपये पुन्हा बटव्यात. पोथीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला क्यूआर कोड चिकटवलेला. मी फोन काढला तसे गुरुजींनी डोळे मिटले. ते ध्यान होतं की पिन न पाहण्याचा सभ्यपणा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. "मिळाले," ते डोळे न उघडताच म्हणाले, कारण त्यांच्या उपरण्यातून ठण्‌ असा आवाज आला होता. चलनवलन म्हणजे काय हे कॉलेजात दोन वर्षं अर्थशास्त्र घेऊन मला समजलं नव्हतं, ते त्या बटव्याने समजावलं.

रुपयाची दुसरी शिल्लक नोकरी म्हणजे आहेराचं पाकीट. त्याच्या डोक्यावर आधीच एक रुपया चिकटवलेला असतो, म्हणजे आपण पाचशे घातले की पाचशे एक. ते नाणं लग्नानंतर पाकिटासकट कपाटात जातं. आमच्या घरात असे कितीतरी रुपये गोंदासह नजरकैदेत आहेत. आणि असा एक रुपया पाडायला सरकारला १ रुपया ११ पैसे खर्च येतो, असं २०१८ साली माहितीच्या अधिकारात उघड झालं होतं. म्हणजे रुपया जन्मतो तोच अकरा पैशांचं कर्ज घेऊन, आणि अकरा पैसे फेडायला देशात एकही नाणं उरलेलं नाही. अमेरिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये शेवटची पेनी पाडून तो उद्योग थांबवला, कारण एका सेंटला साडेतीन सेंटांच्या वर खर्च येत होता. त्यांना जमतं. त्यांच्याकडे आहेराची पाकिटं नाहीत.

माहितीच्या अधिकारातल्या त्याच हिशेबात दहाचं नाणं साडेपाच रुपयांच्या आसपास तयार होत होतं. सरकारचा मोठा फायदा आहे तो इथे, आणि नेमकं हेच नाणं कित्येक गावांत लोक घेत नाहीत. त्यावर रुपयाचं चिन्ह नाही म्हणून खोटं, रेघा कमी म्हणून खोटं. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये जाहीर केलं की दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार आहेत आणि चौदाही खरे आहेत. लोकांनी त्यातून एवढंच ऐकलं की चौदा प्रकार आहेत.

रोकड संपत चालली असं म्हणणाऱ्यांनी आकडेही पाहावेत. नोटाबंदीच्या वेळी होती त्याच्या दुपटीच्या घरात रक्कम आज चलनात आहे. नोटा वाढताहेत, मरतेय ती चिल्लर. आणि तिच्याबरोबर कढीपत्ता. पूर्वी भाजीवालीकडे अडतीस रुपये व्हायचे, मी चाळीस द्यायचो, दोन सुटे नसायचे, मग ती कढीपत्त्याची काडी पिशवीत टाकायची. आता मी अडतीसच पाठवतो, तिच्या गाडीवरचं यंत्र "अडतीस रुपये प्राप्त झाले" असं गल्लीला ऐकवतं, आणि कढीपत्ता वेगळा पाच रुपये. महागाईचं हे कलम कुठल्या निर्देशांकात धरतात, मला माहीत नाही.

माझं मत विचाराल तर रुपया राहू द्यावा. तो बाजारातून निवृत्त होऊन धर्मकार्याला लागला आहे. या वयात त्याला छेडू नये. आठ आण्यांना मात्र सरकारने एकदाचं मोकळं करावं. बिचारं नाणं कायद्याने आजही जिवंत आहे आणि बाजारात त्याला कोणी ओळख देत नाही. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे आठ आण्यांच्या नाण्यांनी एका वेळी दहा रुपयांपर्यंतची रक्कम फेडता येते, म्हणजे वीस नाणी. ती वीस नाणी माझ्याकडे तयार आहेत. घेणारा दुकानदार कुणाच्या पाहण्यात असेल तर कृपया कळवावं.