लोखंडाच्या गावात फायबरची गाडी

तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या पलीकडच्या भाऊजींच्या जावयाने तिकडे मिशिगनला गाडी घेतली. डेट्रॉइटच्या राज्यात राहून गाडी घेतली यात नवल काय, असं वाटेल. पण ही गाडी १९७८ सालची! खुद्द जावयापेक्षा मोठी. दोनच सीटा. मागे लांबलचक उतरती काच, आणि ती काच उघडत नाही. सामान ठेवायचं तर सीट पुढे ढकलायची आणि वाकून मागे कोंबायचं. भाऊजींच्या बायकोने, म्हणजे आमच्या ताईंनी, हे ऐकलं आणि पहिला प्रश्न टाकला, “मग आम्ही गेलो की विमानतळावरून आम्हाला आणणार कशात?” घरात दुसरी मोठी गाडी आहे हे कळेपर्यंत ताई लेकीशी फोनवर तुटक बोलत होत्या.

आमच्या भिलाईच्या जुनवानीत निम्मी गल्ली स्टील प्लांटमधून रिटायर झालेली. सेक्टरमधलं क्वार्टर सोडलं, इकडे प्लॉट घेतला, घर बांधलं. भाऊजीही त्यातलेच. मूळचे वर्ध्याकडचे, त्यामुळे बोलणं अजून तिकडचंच. सकाळी झाडांना पाणी घालायला आले की पाइप एका हातात आणि मोबाइल दुसऱ्या. पाणी जास्वंदीला कमी आणि भिंतीला जास्त.

“वहिनी, हे पाहा. कॉर्व्हेट म्हणतात हिला. शेव्हरलेची.”

“शेव्हरले म्हणजे ती आपल्याकडे स्पार्क, बीट यायची ती?”

“तीच जी. पुण्याजवळ तळेगावला कारखाना होता. २०१७ संपता संपता इथली विक्री बंद केली त्यांनी. पण नातं आजचं नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला घेतल्या होत्या.”

भाऊजींना अशी माहिती कुठून मिळते, हे विचारण्यात अर्थ नाही. जावयाने नुसतं नाव काढलं आणि हे रात्रभर वाचत बसले असणार. कॉर्व्हेट पहिल्यांदा निघाली १९५३ साली, त्या वर्षी फक्त ३०० गाड्या केल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. हे त्यांनी मला सांगितलं, आमच्या ह्यांना सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं.

खरी मेख पुढे आहे. त्या गाडीच्या अंगाला पत्राच नाही! सगळी बॉडी फायबरग्लासची, अगदी १९५३पासून. हे कळलं त्या दिवशी भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ज्या माणसाची नोकरी रूळ पाडण्यात गेली, दल्ली-राजहराचं खनिज येतंय, भट्टीतून लाल रस उतरतोय, हेच ज्याने बघितलं, त्याच्या जावयाने फायबरची गाडी घ्यावी? ताई म्हणाल्या, “प्लास्टिकची म्हणा नं सरळ.”

जावईबापू उत्साहाने म्हणाले होते, “बाबा, फायबर आहे, गंजाचा प्रश्नच नाही.” हे वाक्य त्यांनी जगात दुसऱ्या कुणालाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. भिलाईच्या सासऱ्याला म्हणायला नको होतं.

“काहून नाही? चासी कशाची आहे? फायबरची?”

चासी लोखंडाची. आणि नुसती चासीच नाही. पुढच्या काचेभोवती आणि दारांभोवती फायबरच्या आत पोलादी सांगाडा असतो, तिकडचे लोक त्याला पिंजरा म्हणतात. वरून गाडी नव्या नवरीसारखी, आत पिंजरा सडलेला, हा या गाडीचा ठरलेला आजार. काचेच्या रबरातून पाणी झिरपतं, कोपऱ्यात साचतं, बाहेरून काही दिसत नाही. त्यात मिशिगन. थंडीत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. मीठ आणि लोखंड एकत्र आले की काय होतं ते या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आता हे ऐका. जावईबापूंनी आधी दुसरीच गाडी पसंत केली होती. लाल, चकचकीत, फोटोत बघत राहावी अशी. भाऊजींनी व्हिडिओ कॉलवर परीक्षा घेतली. इकडे रात्रीचे साडेनऊ, तिकडे सकाळ. मी त्याच वेळी दही विरजायला ताईंकडून कवडी मागायला गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं. भाऊजींनी जावयाला गाडीच्या आत, पाय ठेवतो तिथे, दाराच्या बाजूचं प्लास्टिकचं झाकण उघडायला लावलं. “टॉर्च मार. वर मार. आता तिथे बोट फिरव.” बोट फिरवलं तर तळहातावर तपकिरी पापुद्रे आले, बिस्किटाचा चुरा सांडावा तसे. विकणारा बाजूला उभा राहून इंग्रजीत काहीतरी समजावत होता. भाऊजी म्हणाले, “ठेव ते झाकण परत. चल, घरी जा.” बस्स. लाल गाडीचा विषय संपला. लेक नंतर आईला म्हणाली की हा माणूस दोन दिवस जेवला नाही नीट.

मग ही मिळाली. रंग फिका, सीटवर चीर, पण पिंजरा कोरडा आणि चासी ठणठणीत. नाकाचा आणि शेपटीचा बंपर रबरासारख्या मऊ प्लास्टिकचा असतो, तो उन्हाने वाकडा होतो. तसा तो झालाय. भाऊजी म्हणाले, बंपर बदलता येतो, रंग देता येतो, सीट शिवता येते. आणि त्या गाडीचे सुटे भाग तिकडे आजही बाजारात सर्रास मिळतात, त्यामुळे बाकी कशाची फिकीर नाही. चासी सडली की मात्र किमतीच्या वर खर्च.

मी म्हटलं, “भाऊजी, मग ब्रेकचं काय? एवढी जुनी गाडी.”

मी विचारलं आणि फसले. पाइपमधून पाणी वाहतंय, जास्वंदीचं तळं झालंय, आणि भाऊजी मला ब्रेक समजावताहेत. १९६५ ते १९८२च्या कॉर्व्हेटला चारही चाकांना डिस्क ब्रेक. त्या काळाच्या मानाने मोठी गोष्ट. पण कॅलिपर बिडाचे. ब्रेकचं तेल हवेतली ओल पितं, गाडी उभी राहिली की आतल्या नळकांड्याला गंजाचे खड्डे पडतात, तेल गळतं, ब्रेक बसतो. तिकडच्या लोकांनी यावर उपाय काढला तो असा की नळकांड्यात स्टेनलेस स्टीलचं अस्तर बसवायचं. “म्हणजे शेवटी स्टीलच आलं नं कामाला!” हे म्हणताना भाऊजींनी भिंतीवर अशी थाप मारली की आमच्याकडची तुळस हलली.

तेलावरून आठवलं. जुन्या इंजिनाला आजकालचं कुठलंही तेल ओतायचं नाही म्हणे. आतली कॅम जुन्या घडणीची, तिला जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं तेल लागतं, नाहीतर कॅम झिजते. पेट्रोलही असंच. त्यात इथेनॉल मिसळलेलं असतं, ते जुन्या रबरी नळ्या खातं, कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो. तिकडे बहुधा दहा टक्के असतं, आपल्याकडे आता पंपावर वीस. गाडी सहा महिने बर्फात उभी राहणार, म्हणून टाकी पूर्ण भरून त्यात पेट्रोल टिकवायचं औषध घालायचं, बॅटरीला बारीक चार्जर लावून ठेवायचा. आणि टायर नक्षी बघून नाही, जन्मतारीख बघून बदलायचे. टायरवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मी आमच्या गाडीचे जाऊन बघितले. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

उंदरांचं मात्र तिकडे आणि इकडे सारखंच. उभ्या गाडीत शिरतात आणि वायरी कुरतडतात. ताईंनी लेकीला सांगितलं, डांबराच्या गोळ्या ठेव. लेक म्हणाली, आई, गाडीला तो वास लागला तर हा मला घराबाहेर काढेल.

या गाडीची सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे तिचे दिवे. हेडलाइट एरवी बॉनेटमध्ये मिटलेले असतात, बटण ओढलं की वर येतात. हे काम विजेच्या मोटरीवर नाही, इंजिनाच्या व्हॅक्युमवर चालतं. नळ्या आणि पडदे जुने झाले, कुठे बारीक गळती झाली, की एक दिवा झटकन उघडतो आणि दुसरा रेंगाळत येतो. पहिल्याच दिवशी लेकीने व्हिडिओ पाठवला. गाडी चक्क डोळा मारते! ताई लाजल्या. भाऊजींनी मात्र साबणाचं पाणी करून जोडाजोडांवर लावायला सांगितलं. गळतीच्या जागी आत ओढलं जातं, फेस हलतो, कळतं.

आता रशियनांची गोष्ट सांगितल्याशिवाय भाऊजींचा विषय पुरा होत नाही. आमच्या गावात रशियन म्हणजे परके नव्हेत. २ फेब्रुवारी १९५५ला प्लांटसाठी त्यांच्याशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली भट्टी सुरू झाली, हे इथे पोरांना पाढ्यांसोबत येतं. तर या खास अमेरिकन गाडीचा तारणहार कोण? झोरा आर्कस-डंटोव. जन्म १९०९, ब्रुसेल्सला, आईबाप रशियन. मुलगा लेनिनग्राडला वाढला, पुढे फिरत फिरत अमेरिकेत आला. १९५३ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्याने कॉर्व्हेट बघितली. रूप भारी, पण इंजिन सहा सिलिंडरचं आणि गिअरबॉक्स दोनच वेगांचा, ऑटोमॅटिक. त्याने कंपनीला पत्र लिहिलं, त्याच वर्षी नोकरी लागली, आणि त्याने त्या गाडीला खरोखरची धावणारी गाडी करून सोडलं. त्याच्या अस्थी आज कॉर्व्हेटच्या संग्रहालयात ठेवल्या आहेत.

“म्हणजे इथे प्लांट, तिथे गाडी. दोन्हीकडे रशियनच!” भाऊजींचा जावयावरचा राग त्या दिवशी निवळला, असं ताई सांगतात.

ते संग्रहालय केंटकीत बोलिंग ग्रीनला आहे. १२ फेब्रुवारी २०१४च्या पहाटे तिथली जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या! माणूस कुणी नव्हता, देवाची कृपा. त्यांत दहा लाखावी कॉर्व्हेट होती, १९९२ची पांढरी. ती आणि आणखी दोन दुरुस्त केल्या, पाच तशाच चेपलेल्या ठेवल्या लोकांना बघायला. मी म्हटलं, आपल्याकडे असती तर विमा कंपनीने आधी विचारलं असतं, खड्डा जुना की नवा.

माइलेजचं विचारलंत तर लिटरला पाच-सहा किलोमीटर. इंजिन ५.७ लिटरचं, आठ सिलिंडर. आमच्या जुन्या मारुती ८००ची सात इंजिनं त्यात बसतील. ताकद मात्र १८५ अश्वशक्ती, मारुतीच्या पाचपटच. धुराचे नियम आले तेव्हा अमेरिकन गाड्यांचा दम असाच गेला होता. १९७५ला तर कॉर्व्हेटचं साधं इंजिन १६५वर आलं होतं. आमचे हे मध्येच म्हणाले, आपल्या गोव्यात सान स्टॉर्म नावाची दोन सीटांची फायबरची गाडी निघाली होती, रेनॉचं छोटं इंजिन, ६० अश्वशक्ती, ती तरी कुठे वाईट होती! कुणी लक्ष दिलं नाही. पण मुद्दा बरोबर आहे. अशी गाडी ताकदीसाठी कुणी घेत नाही, लांब बॉनेटच्या मागे खाली बसून चालवण्यासाठी घेतात. आणि चालवलीच पाहिजे. बर्फ नसताना आठवड्यातून एकदा चालली तर रबर ओलं राहतं, ब्रेक मोकळे राहतात. झाकून ठेवली की मेली.

ताईंना आता वेगळाच किडा चावलाय. गाडी भिलाईला आणता येईल का? भाऊजींनी नियम काढले. जुलै २०२१पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची वेगळी नोंदणी आहे, नंबरात व्हीए अक्षरं, फी २० हजार, मुदत दहा वर्षं. आयात केलेल्यांनाही लागू. पण रोज रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. म्हणजे सुपेल्याला भाजी आणायला नेली तर नियमभंग. शिवाय स्टिअरिंग डावीकडे. आणि ही १९७८ची, पन्नाशी गाठायला २०२८ उजाडेल. कस्टम्सचा अंदाज ऐकून ताई गप्प झाल्या.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, भाचा, जावई तिकडे अशी जुनी गाडी बघत असेल, तर पैसे देण्याआधी आमच्या भाऊजींना व्हिडिओ कॉल करायला सांगा. संध्याकाळी सहानंतर मोकळे असतात. फी काही नाही. फक्त पोराच्या हातात टॉर्च पाहिजे आणि चांगल्या कपड्यांत गाडीखाली आडवं व्हायची तयारी पाहिजे.