चर्चेसाठी जागा पाहिजे

मनुष्याला राहण्यासाठी जागा मिळणे कठीण, दुकानासाठी मिळणे त्याहून कठीण. परंतु वादविवादासाठी जागा मिळवणे हे या दोहोंपेक्षा दुर्घट कार्य आहे, कारण राहणारा मनुष्य रात्री झोपतो, दुकानदार आठवड्यातून एक दिवस कुलूप लावतो, आणि वाद घालणारा मनुष्य या दोन्ही दुर्बलतांपासून सर्वस्वी मुक्त असतो. आमचे चर्चामंडळ नागपूरच्या धंतोलीतील एका सभागृहात भरत असे, तोवर रात्री आठ वाजता किल्ल्या वाजवणारा चौकीदार हाच आमचा खरा अध्यक्ष होता. पुढे सभासदांची मुले पुण्याला, बंगळुरूला आणि न्यू जर्सीला गेली, त्यांनाही वडिलांशी असहमत होण्याची सोय हवीशी वाटू लागली, आणि मंडळाने आपली चर्चा महाजालावर नेण्याचा ठराव केला. नागपुरात निजानीज झाली की अमेरिकेत मंडळी ताजीतवानी होऊन उत्तरे लिहायला बसणार, हे तेव्हाच ध्यानात आले. म्हणजे आम्हाला हवी होती अशी जागा, जिला ना आठ वाजतात ना चौकीदार असतो.

मंडळातील काटकसरी पक्षाचे म्हणणे असे की, जगात फुकट जागा देणारे उदार पुरुष मुबलक असताना दमडी तरी का मोजावी? यावर प्रतिपक्षाने अशा औदार्याचा इतिहासच सभेपुढे दाखल केला. जिओसिटीज नावाची भरभराटलेली वसाहत २००९ साली उठली. ज्या ऑर्कुटवर भारतीयांनी रात्रीचा दिवस केला, त्याने ३० सप्टेंबर २०१४ रोजी दार लावून घेतले. आणि याहू ग्रुप्सने १५ डिसेंबर २०२० रोजी तीच वाट धरली. उलट १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालेली ‘मायबोली’ स्वतःच्या नावावर, स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली, आणि तेथे मराठी माणसे आजही एकमेकांना समजावून सांगत आहेत. फुकटचा यजमान पाहुण्यांना विचारून घर मोडत नाही, हे तत्त्व काटकसरी पक्षालाही मान्य करावे लागले. फक्त ‘दमडी’चा अर्थ शब्दशः घ्यावा, अशी त्यांनी उपसूचना मांडली.

तिच्या अनुरोधाने आम्ही सर्वांत स्वस्त मार्गाकडे वळलो. या व्यवसायात ‘शेअर्ड होस्टिंग’ म्हणून एक प्रकार आहे. त्यात एकाच संगणकावर शेकडो संस्थळे नांदतात. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात एका नळावर बारा बिऱ्हाडे नांदत, तशीच म्हणा ना. एकाच्या घरी लग्न निघाले की उरलेल्या अकरांनी कोरड्या बादल्यांकडे पाहत बसायचे. जाहिरातीत मात्र ‘सर्व काही अनलिमिटेड’ असे ठळक छापलेले होते. नागपूरच्या मिहान प्रकल्पात संगणक अभियंता असलेल्या आमच्या पुतण्याला मी या शब्दाची व्याप्ती विचारली, तेव्हा तो म्हणाला, “काका, लिमिट नाही असं नाही. ते सांगून नाही राह्यले, एवढंच.” करारनाम्याच्या तळाशी, मुंगीलाही चष्मा लावावा लागेल अशा अक्षरांत ‘वाजवी वापर’ नावाचे कलम निघाले. त्यात फायलींची संख्या, प्रक्रियेचा वेळ आणि स्मृतीचा हिस्सा या सर्वांना मर्यादा घातलेली होती, आणि वाजवी कशाला म्हणावे याचा निवाडा मालकाच्या मर्जीवर सोपवलेला होता.

येथे आमच्या निवृत्त वकील सभासदांना गहिवरून आले. १९४९ च्या सी. पी. अँड बेरार प्रांताच्या घरभाडे नियंत्रण हुकमाखाली त्यांची उमेदीची वर्षे गेली. त्या हुकमान्वये रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी असल्यावाचून घरमालकाला भाडेकरूस जागा सोडण्याची नोटीसदेखील देता येत नसे, आणि १९९९ चा राज्यव्यापी कायदा अमलात येईपर्यंत नागपूरच्या कित्येक भाडेकरूंनी या छत्राखाली नातवंडे पाहिली. महाजालावरील भाडेकरूला रेंट कंट्रोलर नाही, याचा प्रत्यय आम्हास लवकरच आला. आम्ही जिच्याकडे जागा घेतली त्या कंपनीने, जिचे नाव न घेणेच शिष्टाचारास धरून होईल, आमचे बिऱ्हाड ऐन मध्यरात्री बंद केले, आणि कारण कळवले की आपला वापर वाजवी नाही.

त्या रात्री चर्चेचा विषय होता, पोह्यांवर तर्री घालावी की बाजूला वाटीत द्यावी. पुतण्याने दप्तर तपासले आणि निदान केले: “काका, दुसऱ्या साइटवर शंभर लोक वाचतात तवा एक लिहिते. तुमच्याकडं वाचून कोन राह्यलं? सारेच लिहून राह्यले!” या वाक्यात त्या शास्त्राचे अर्धे सार आहे. एखाद्याने गडकऱ्यांच्या नाटकांवर लेख लिहिला, तर त्याची एक तयार प्रत बाजूला काढून ठेवता येते आणि येईल त्या वाचकाच्या हाती तीच देता येते. संगणकाला त्याचे काहीच श्रम पडत नाहीत. परंतु भांडणाची तयार प्रत ठेवता येत नाही, कारण दर क्षणाला ते पुढे गेलेले असते. प्रत्येक नवे उत्तर डेटाबेसमध्ये दाखल व्हावे लागते, जुन्या धाटणीच्या डेटाबेसमध्ये ते दाखल होईपर्यंत तोच तक्ता मागणाऱ्या इतर सर्वांना ताटकळावे लागते, आणि ताटकळलेला नागपूरकर स्वस्थ न बसता तेच बटण पुन्हा सात वेळा दाबतो. म्हणून जागा घेताना सभासद किती आहेत हे विचारण्यात अर्थ नाही. त्यांच्यापैकी एका वेळी किती जण चिडू शकतात, हे विचारावे.

यानंतर वीजखात्यातून निवृत्त झालेल्या एका सभासदाने स्वावलंबनाचा पुरस्कार केला. रामदासपेठेतील आपल्या घरची मागची खोली ते विनामूल्य देणार होते, आणि तेथे संगणक ठेवून त्यास वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर लावण्याची त्यांची योजना होती. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला असता ज्या शीतल, सुगंधी वाऱ्यात प्रत्यक्ष आपण जगतो, त्या वाऱ्यात एक यंत्र जगू नये, हे त्यांना पटेना. पुतण्याने अत्यंत आदराने निवेदन केले की यंत्राला गारवा कोरडा लागतो, कूलरचा वारा ओला असतो, आणि वाळ्याच्या सुगंधाचा यंत्राच्या प्रकृतीवर काहीही अनुकूल परिणाम होत नाही. शिवाय घरगुती जोडणीचा महाजालावरील पत्ता वरचेवर बदलतो, तेव्हा सभासदांना आपल्याच मंडळाचा शोध घेत हिंडावे लागेल. वृद्ध गृहस्थांनी योजना मागे घेतली, पण ‘तूर्त’ हा शब्द इतिवृत्तात घालूनच.

दुसऱ्या एका अभिमानी सभासदाने नागपुरातील शून्य मैलाच्या दगडाची आठवण करून दिली. देशाचा मध्य येथे असताना सर्व्हर मुंबईत का असावा? उत्तर भूगोलातच होते. परदेशाशी जोडणाऱ्या तारा समुद्रतळावरून मुख्यतः मुंबई आणि चेन्नईच्या किनाऱ्याला लागतात, आणि समुद्र हा विषय १९५३ च्या नागपूर कराराच्या कक्षेत येत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईस जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाचा शंभरावा हिस्साही पुरतो, पण अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंतची खेप आठव्या हिश्श्यावर जाते. आणि एका पानासाठी अशा अनेक खेपा घालाव्या लागत असल्याने सात समुद्रांपलीकडची स्वस्ताई शेवटी वाचकाच्या डोळ्यांना भोवते. भांडणात तर विलंब सर्वस्वी घातक, कारण तेवढ्या अवधीत मनुष्याचा राग शांत होण्याचा संभव असतो.

कंपन्यांचे प्रतिनिधी मात्र एकच मंत्र जपत होते: ९९.९ टक्के हमी. अंकगणिताच्या शिक्षकांनी तेथल्या तेथे हिशेब केला की उरलेला एक दशांश टक्का म्हणजे वर्षाचे पावणेनऊ तास. ते तास कोणते, हे हमीपत्रात लिहिलेले नव्हते. वर्षभर कोणी फिरकले नाही आणि अर्थसंकल्पाच्या रात्री दार बंद राहिले, तरी हमी अभंगच. नुकसानभरपाई म्हणून पुढच्या बिलात मिळणारी सूट पाहिली, तर तेवढ्यात तर्रीचे पोहेही येत नाहीत.

वस्तुतः गरज सरासरीने नव्हे, गर्दीच्या क्षणाने मोजावी, हा धडा नागपूरकरास कंपन्यांनी शिकवण्याची गरज नव्हती. राज्यातील सर्वांत वर्दळीची चर्चा २८ सप्टेंबर १९५३ च्या त्याच नागपूर करारास अनुसरून दर वर्षी आमच्या गावी येते. हिवाळी अधिवेशन लागले की मुंबईहून दप्तरांच्या पेट्या येतात, आमदार निवास, रविभवन, नागभवन गजबजतात, आणि मोर्चांसाठी रस्ते अडवले जातात. एकदोन आठवड्यांत सारे उठते, आणि त्या खोल्या पुढील डिसेंबरपर्यंत थंडावतात. सरासरीवर विसंबून हे अधिवेशन भरवता येणार नाही, पण त्या गर्दीच्या मापाची जागा वर्षभर पोसणेही परवडत नाही. ‘क्लाउड’ म्हणून जो काही बडिवार आहे, त्याचे मर्म हेच: अधिवेशनापुरते आमदार निवास उभारावे, तासावर भाडे द्यावे आणि नंतर मोडून टाकावे. फक्त एक सावधगिरी हवी. हल्ली मनुष्यांच्या आधी यंत्रेच येऊन पाने वाचून जातात, आणि त्यांच्या वाचनाचे बिलही आपल्याच नावे फाटते.

शेवटचा मुद्दा बाहेर पडण्याच्या दाराचा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या संगणकगृहाला आग लागून एक इमारत जळून गेली, आणि ज्यांच्या मूळ वह्या व प्रती एकाच ठिकाणी होत्या त्यांना दोन्हींचे दहन एकाच मुहूर्तावर पाहावे लागले. जागा कितीही उत्तम असो. आपला संसार उचलून रातोरात चालू लागता येते की नाही, हीच तिची परीक्षा.

तात्पर्य, दीर्घ चर्चेअंती ठराव झाला तो असा: मुंबईतील सर्व्हरचा मध्यम प्रतीचा स्वतंत्र हिस्सा दरमहा भाड्याने घ्यावा, करार तीन वर्षांचा करू नये, रोजची एक प्रत दुसऱ्या शहरात व एक नागपुरात ठेवावी, डोमेनची नोंद पुतण्याच्या नावे न करता संस्थेच्या नावे करावी, आणि सर्व किल्ल्या अशा सभासदाकडे द्याव्यात, ज्याचे कोणत्याही विषयावर काहीही मत नाही. असा पुरुष नागपुरात मिळणे अशक्य म्हणून कलम रद्द होणार, इतक्यात सर्वांची दृष्टी कोषाध्यक्षांकडे वळली. आपल्याला या पदाबद्दल काय वाटते, असे विचारता ते म्हणाले, “तसं काही नाही.” त्यांची नेमणूक एकमताने झाली, आणि मंडळाच्या इतिहासातील हे पहिलेच एकमत असल्याने त्याची नोंद मूळ संगणकावर व दोन्ही प्रतींत त्याच रात्री करण्यात आली.